एक रात्र जहाजावर: खान्देशातून दुबईच्या 'क्यूई २'वर राहायला जाताना

दुबईला जायचं ठरलं तेव्हा मी जळगाव-भुसावळच्या तीन एजंटांकडून कार्यक्रम मागवले. बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफारी, धाऊ क्रूझ (लाकडी अरबी होडीतली फेरी), सोन्याचा बाजार, मॉल. तिन्ही कागद जवळपास सारखेच. मिना रशीद बंदरात उभं असलेलं, आता हॉटेल झालेलं 'क्वीन एलिझाबेथ २' (थोडक्यात 'क्यूई २') हे जहाज एकातही नव्हतं. विचारलं तर एकाने सांगितलं, "भाऊ, जुनं जहाज आहे ते. त्यात काय बघायचं?"

शेवटी टूर संपल्यावर एक रात्र आम्ही आमची आम्हीच वाढवली आणि त्या जहाजावर राहिलो. मी, बायको, आई आणि नाना. नानांची सगळी नोकरी भुसावळच्या शेडमध्ये, आधी वाफेच्या इंजिनांवर, मग विजेच्या. सहा दिवसांत बुर्ज खलिफासमोरही फारसे न बोललेले नाना त्या रात्री साडेअकरापर्यंत जहाजाच्या बोळांतून फिरत होते. आपल्याकडे समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, हतनूरचं पाणी आहे. अटलांटिक ओलांडणारं जहाज आपण चित्रातच बघितलेलं असतं. म्हणून आपल्या भागातून पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून ठेवतोय. माझं ठाम मत आहे की हे जहाज तासाभरात बघून उरकायचं नाही, त्यावर झोपायचं.

आधी ओळख करून घ्या

जाण्यापूर्वी घरच्यांना बसवून जहाजाची गोष्ट सांगा. ती माहीत नसेल तर तिथे तुम्हाला फक्त जुनं फर्निचर आणि लांब बोळ दिसतील.

हे जहाज स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी क्लाइडबँक इथे बांधलं. २० सप्टेंबर १९६७ ला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ते पाण्यात उतरलं आणि २ मे १९६९ ला साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्या सफरीवर निघालं. कंपनी क्युनार्ड. लांबी सुमारे २९३ मीटर. आपल्या जुन्या निळ्या डब्यांची गाडी डोळ्यासमोर आणा, साधारण तेरा डबे एकामागे एक उभे केले की एवढी लांबी होते. हे गणित नानांचं.

'लायनर' आणि 'क्रूझ' यांतला फरक समजला की जहाज निम्मं समजलं. क्रूझ म्हणजे सहलीची गाडी, वाटेत थांबत, मजा करत जाणारी. लायनर म्हणजे मेल गाडी. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, समोर वादळ असलं तरी पोचायचं. म्हणून लायनरचं नाक लांब आणि धारदार असतं, पाण्याखालचा भाग खोल असतो आणि वेग जास्त असतो. 'क्यूई २' नेहमीच्या प्रवासात साडेअठ्ठावीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५३ किलोमीटरने चालायचं. आपल्या पॅसेंजर गाडीच्या वेगाने तेरा डब्यांएवढं, कित्येक मजली हॉटेल समुद्रातून रात्रंदिवस धावतंय, असं समजा. सप्टेंबर १९९५ मध्ये अटलांटिकच्या वादळात या जहाजावर सुमारे २९ मीटर उंचीची लाट आली. नऊ मजली इमारतीएवढी. जहाज तिच्यातून पार झालं.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धासाठी ब्रिटिश सरकारने हे जहाज ताब्यात घेतलं. काही दिवसांत त्यावर हेलिकॉप्टर उतरायची जागा तयार केली, गालिचे झाकले आणि सुमारे तीन हजार सैनिक घेऊन ते दक्षिणेकडे गेलं. परत येताना, युद्धात बुडालेल्या तीन युद्धनौकांवरचे वाचलेले नौसैनिक त्याने घरी आणले. ज्या जहाजाच्या दालनात आज लोक चहा घेत बसतात, त्याच जहाजाचा हा इतिहास आहे.

घरात कोणी रेल्वेत असेल तर त्यांच्यासाठी खास गोष्ट इंजिनाची. सुरुवातीला हे जहाज वाफेच्या टर्बाइनवर चालायचं. १९८६-८७ मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफनला नेऊन त्याची वाफेची यंत्रं काढली आणि नऊ डिझेल इंजिनं बसवली. ही डिझेल इंजिनं जहाज ढकलणारे पाण्यातले पंखे थेट फिरवत नव्हती. ती वीज तयार करायची आणि त्या विजेवर प्रत्येकी ४४ मेगावॅटच्या दोन मोटारी पंखे फिरवायच्या. मी हे वाचून दाखवलं आणि नाना ताठ बसले. "म्हणजे आपल्या डिझेल इंजिनासारखंच रे भो!" बरोबर आहे. आपलं डिझेल लोकोही असंच चालतं, डिझेलने वीज करायची आणि मोटारीने चाक फिरवायचं. दोन मोटारींची ताकद मिळून आजच्या मालगाडीच्या 'डब्ल्यूएजी-९' सारख्या एकोणीस इंजिनांएवढी भरते. मुक्कामाला जाण्याआधी घरी असा हिशोब एकदा मांडून बघाच.

नोव्हेंबर २००८ मध्ये जहाज शेवटचं निघालं. ११ तारखेला साउदॅम्प्टन सोडलं, २६ ला दुबईत पोचलं. मग जवळपास दहा वर्षं ते नुसतं बांधून उभं होतं. एप्रिल २०१८ मध्ये हॉटेल म्हणून उघडलं. बाकी बहुतेक जुन्या लायनरचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. फ्रान्सचं 'फ्रान्स' हे नामांकित जहाज २००६ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आलं आणि पत्रा-पत्रा होऊन संपलं. 'क्यूई २' त्या वाटेला गेलं नाही, म्हणून आपल्याला त्याच्यावर झोपता येतं.

जहाज चालत नाही, हे आधीच सांगा

हे घरच्या मोठ्यांना स्पष्ट सांगून ठेवा. आईला मी दहा वेळा सांगितलं होतं, तरी खोलीत बॅग ठेवल्यावर तिने विचारलंच, "सुरू कधी होईन हे?" जहाज पाण्यातच उभं आहे, पण दोरखंडांनी धक्क्याला पक्कं बांधलेलं. हालचाल जवळपास जाणवत नाही. ज्यांना गाडी लागते, बोट लागते, त्यांनी निर्धास्त यावं. समुद्रातून फिरायची हौस असेल तर धाऊ क्रूझ वेगळी करा. तिचा आणि या जहाजाचा संबंध नाही. एजंटला बुकिंग सांगताना हा घोळ होतो. आमच्या एजंटने 'जहाजावर रात्र' ऐकून आधी आम्हाला रात्रीच्या जेवणाची धाऊ लावली होती. व्हाउचरवर जहाजाचं पूर्ण नाव आणि 'मिना रशीद' वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

कधी जायचं, खोली कशी घ्यायची

नोव्हेंबर ते मार्च. यात दुसरा विचार करू नका. ऊन आपल्याला नवं नाही, मे महिन्यात भुसावळ-जळगावला काय होतं ते आपण सोसतोच. पण आपलं ऊन कोरडं आहे. दुबईचा उन्हाळा समुद्राच्या दमटपणासकट येतो, घाम वाळतच नाही. जहाजाची खरी गंमत उघड्या डेकवर आहे आणि जुलैत त्या डेकवर दहा मिनिटंही थांबवत नाही. उन्हाळ्यात भाडं उतरतं हे खरं, पण त्या पैशात निम्मंच जहाज मिळतं.

खोली घेताना तीन गोष्टी बघा. एक, गोल खिडकी आहे की नाही. जहाजाच्या खोल्या एकसारख्या नसतात. बुकिंगच्या पानावर 'पोर्टहोल' किंवा 'समुद्राकडची बाजू' असं लिहिलेलं शोधा आणि नसेल तर फोन करून विचारा. दोन, आकार. साधी खोली ही मुळात जहाजाची केबिन आहे, दोघांची. आपल्याकडे हॉटेलात एका खोलीत चौघं, खाली गादी टाकून एक पोरगं, असं चालतं. इथे तो विचार सोडा. आम्ही दोन खोल्या घेतल्या, शेजारी-शेजारी मिळाव्यात असं बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं. तीन, किमतीत कर आहे का. दुबईत भाड्यावर कर लागतात, शिवाय 'टुरिझम दिरहॅम' म्हणून दर रात्री दर खोलीमागे हॉटेलच्या दर्जानुसार ७ ते २० दिरहॅम वेगळे घेतात. हे बहुतेक वेळा तिथे गेल्यावर भरावे लागतात. हॉटेल अनामत म्हणून कार्डावर काही रक्कमही अडकवून ठेवतं. ती नंतर सुटते, पण सुटायला काही दिवस लागतात. सगळी भिस्त एकाच कार्डावर ठेवू नका.

आणि ही रात्र टूरच्या शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. पहिल्या दिवशी जागरणाने डोळे मिटत असतात, तेव्हा जहाजही आणि भाडंही वाया जातं.

पासपोर्ट आणि वाट

भारतीय पासपोर्टला दुबईचा व्हिसा सहसा आधी काढावा लागतो. विमान कंपनी किंवा एजंटमार्फत ३० दिवसांचा पर्यटक व्हिसा निघतो. पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पासपोर्टवर कधीकधी नुसतं एक नाव असतं, आडनावाची जागा रिकामी. २०२२ पासून तिकडे एकेरी नावाच्या पासपोर्टबाबत कडक नियम आहे. तुमच्याकडे असं असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा, विमानतळावर कळलं तर काहीच करता येत नाही.

भुसावळ-जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. विमान रात्री असेल तर त्याच दिवशी सकाळी पोचणारी गाडी धरा, संध्याकाळची नको. गाडी दोन तास उशिरा येणं ही आपल्या लाइनवर बातमी नसते. ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ गाठणं सोयीचं, मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचा विचार नको. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या लोकांनी सुरतेचं वेळापत्रकही बघावं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेहून दुबईला थेट विमान सुरू झालं आणि नंदुरबारहून सुरत मुंबईपेक्षा खूपच जवळ आहे.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. घड्याळ विमानातच लावून घ्या.

बॅगेतला मसाला

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपा करून हा भाग सासूबाईंना, आईला, वहिनीला, बॅग भरणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवा.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. तिथल्या कायद्याने ती अमली पदार्थात मोजतात. आपल्याकडे खसखस कुठे-कुठे असते ते आठवून बघा. काळ्या मसाल्यात खोबऱ्याबरोबर भाजून घातलेली, अनारशांवर लावलेली, लाडवात, सुक्या चटणीत. निघायच्या आदल्या रात्री आईने शेवभाजीसाठी म्हणून घरच्या काळ्या मसाल्याची पुडी बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवली होती. मला ती वासाने सापडली. मी विचारलं, "यात खसखस आहे?" आई म्हणाली, "थोडीच आहे." थोडीही नको. पुडी मी बाहेर काढली, आईचा चेहरा उतरला, पण तिला नीट समजावून सांगितल्यावर तिनेच अनारशांचा डबाही काढून माझ्या हातात दिला.

विड्याची पानं, गुटखा नको. औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या यांना तिकडे आधी परवानगी लागते. म्हाताऱ्यांच्या औषधाच्या डब्यात काय आहे ते नाव वाचून बघा.

मग न्यायचं काय? बिबड्या, शेव, शेंगदाण्याची चटणी, दराबा, गुळाच्या दशम्या. प्रवासाला पुरतात आणि त्यांत अडचणीचं काही नाही, फक्त चटणी करताना खसखशीचा हात लागलेला नको.

पोचल्यावर

विमानतळावरून मिना रशीद टॅक्सीने फार दूर नाही. विमानतळावरून निघणाऱ्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहॅमपासून सुरू होतं. शहरातून यायचं असेल तर मेट्रोच्या ग्रीन लाइनवरचं अल गुबैबा स्टेशन जवळचं, तिथून पुढे टॅक्सी. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर दंड होतो. आईने पिशवीतून दशमी काढली तेव्हा समोरच्या केरळच्या मुलाने हात जोडून थांबवलं. ड्रायव्हरला नुसतं 'शिप हॉटेल' म्हणू नका. 'क्यूई टू, पोर्ट रशीद' (म्हणजे मिना रशीदच) म्हणा, म्हणजे तो बरोबर सोडतो.

जितक्या लवकर खोली मिळेल तितक्या लवकर या. बॅगा आधी ठेवायला मिळतील का हे सकाळीच फोनवर विचारा. सगळ्यांचे पासपोर्ट लागतात, नुसत्या कुटुंबप्रमुखाचा नाही. आत शिरायच्या ठिकाणी जहाजाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, त्याला पाऊण तास द्या आणि ते आधीच बघा. मग वर चढल्यावर एकेक गोष्ट ओळखीची वाटते.

जहाजावर वावरताना

पहिला गोंधळ मजल्यांचा होतो. जहाजात मजल्याला डेक म्हणतात आणि इथे आकडे खाली वाढत जातात. वन डेकच्या खाली टू डेक, त्याखाली थ्री. वरच्या डेकना आकडे नाहीत, नावं आहेत: क्वार्टर डेक, अपर डेक, बोट डेक, त्याच्याही वर स्पोर्ट्स आणि सिग्नल डेक. आपलं डोकं 'चार म्हणजे दोनच्या वर' असं चालतं, त्यामुळे लिफ्टमध्ये चुकायला होतं. खोलीतून बाहेर पडताना आपला डेक आणि जवळचा जिना यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. बोळ इतके लांब आणि इतके एकसारखे आहेत की पुढे चाललोय की मागे, हेच कळत नाही. जुन्या लायनरची जमीन गच्चीसारखी सपाट नसते, टोकांकडे हलका चढ असतो. पायाखाली चढ लागला तर आपण नाकाकडे किंवा शेपटाकडे जातोय, एवढी खूण धरा.

दुसरं, उंबरे. उघड्या डेकवर जाणाऱ्या दारांना खाली उंच पट्टी असते, लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून. जुन्या वाड्याला असतो तसा उंबरा. आई सवयीने त्यावर पाय न देता ओलांडून गेली, माझा मात्र अंगठा ठेचला. म्हाताऱ्या माणसांना हात द्या आणि गुडघ्याचा त्रास असेल तर खोली लिफ्टजवळची मागून घ्या.

तिसरं, आग. आई रोज सकाळी उदबत्ती लावते, कुठेही असली तरी. इथे नाही लावायची. उदबत्ती नको, कापूर नको, खोलीत स्वतःची शेगडी लावून चहा नको. हा हॉटेलचा नुसता कडकपणा नाही. समुद्रातल्या माणसाला पाण्यापेक्षा आगीची भीती जास्त. याच जहाजाच्या आधीचं 'क्वीन एलिझाबेथ' जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळून आडवं झालं. 'नॉर्मंडी' हे फ्रेंच लायनर फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळालं. दोन्ही बंदरात उभी होती. हे सांगितल्यावर आईने खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याला हात जोडले आणि तेवढ्यावर पूजा झाली.

खोलीच्या दारामागे सुटकेच्या वाटेचा नकाशा असतो. तो वाचा आणि ती वाट एकदा पायाने चालून बघा.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. जहाजावर जेवण महाग आहे आणि शाकाहारी पदार्थ असले तरी आपल्या चवीचे नाहीत. बर दुबई हा शहराचा भाग जवळ आहे, तिथे गुजराती-राजस्थानी थाळी, दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलं भरपूर. संध्याकाळी सातपर्यंत तिकडे जेवून या आणि जहाजावर फक्त चहा-कॉफी घ्या. नाश्ता भाड्यात असेल तर तो मात्र तिथेच, घाई न करता.

संध्याकाळ, रात्र, पहाट

मार्गदर्शकासोबत जहाज दाखवायची फेरी असते, तिचं तिकीट वेगळं. खोली घेतली म्हणजे फेरी आपोआप मिळते असं समजू नका. वेळा आदल्या दिवशी विचारून जागा धरा आणि कप्तानाचा सुकाणू-कक्ष त्यात आहे ना, हे तिकिटाआधी विचारा. नानांसारखा माणूस सोबत असेल तर प्रश्न लिहून न्या. मार्गदर्शक घाईत असतो, पण प्रश्न मनापासून असला की थांबतो.

फेरी झाली की तुमचं स्वतःचं बघणं सुरू करा. क्वीन्स रूममध्ये जा आणि छताकडे बघा. तिथले खांब खाली बारीक आणि वर जाताना कर्ण्यासारखे पसरत छतात मिसळतात. साठच्या दशकाच्या शेवटी कोणाला तरी वाटलं की जहाज राजवाड्यासारखं दिसायला नको, नव्या काळासारखं दिसावं, आणि ते त्यांनी करून दाखवलं. बायकोला ते खांब धोतऱ्याच्या फुलासारखे वाटले. तेच बरोबर वाटतं मला.

वर बोट डेकवर जीवरक्षक बोटींच्या खालून चालत जा. वरच्या भागासाठी ॲल्युमिनियम वापरलं, म्हणून जहाज वर हलकं राहिलं आणि तेवढ्याच खोल पाण्यात एक डेक जास्त बसवता आला. हे मी वाचलं होतं. नानांनी जहाजाच्या अंगाला हात लावून जोड शोधायला सुरुवात केली. कुठे नुसती वेल्डिंगची शीर, कुठे रंगाचे थरावर थर. एका ठिकाणी रंगाचा पोपडा उठला होता. त्याच्या कडेला पांढऱ्याखाली अजून पांढरा, त्याखाली पिवळट, त्याखाली करडा, असे थर दिसत होते. नाना नखाने न खरवडता नुसते बघत राहिले. "दरवर्षी मारलाय कुणीतरी," म्हणाले. शेडमध्ये इंजिनाला रंग मारणाऱ्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

फोटो काढा, पण बंदराच्या सुरक्षा चौक्या, कस्टमची आवारं, गणवेशातली माणसं यांचे नको. अनोळखी बायकांचे तर अजिबात नको, तिकडे हा गुन्हा ठरतो.

रात्री दहानंतर दिवसाचे पाहुणे निघून जातात. मला याच वेळेसाठी पैसे दिल्यासारखं वाटलं. बोळात कोणी नसतं. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला की इतक्या लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली कड लागते. खोलीत दिवा मालवून गोल खिडकीपाशी बसा. बाहेर बंदराचे दिवे पाण्यावर लांबट होऊन हलतात, आणि जहाज हलत नसलं तरी दोरखंड ताणला की कुठूनतरी खोलवरून एक बारीक कुरकुर येते. आई झोपेत म्हणाली, "गाडी यार्डात उभी आहे वाटतं." रेल्वे क्वार्टरमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या बाईला तो आवाज बरोबर ओळखता आला.

गजर मात्र लावा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीचा. सकाळी डेकवर जायची मुभा कितीला आहे हे रात्रीच रिसेप्शनला विचारून ठेवा. स्वेटर घ्या, जानेवारीत पहाटे वारा बोचरा असतो. मागच्या बाजूच्या, शेपटाकडच्या डेकवर उभे राहा. आधी आकाश तांबूस होतं, मग बंदराच्या क्रेन काळ्या दिसायला लागतात, आणि मग मागे वळून बघितलं की धुराड्याचा लाल रंग एकदम पेटतो. त्या वेळी आम्ही चौघं आणि फरशी पुसणारा एक नेपाळी मुलगा, एवढेच होतो. त्याने बादली बाजूला ठेवली आणि तोही थांबून बघत राहिला.

निघताना

खोली सोडायची वेळ ठरलेली असते, बहुतेक ठिकाणी ११ किंवा १२. विमान रात्रीचं असेल तर बॅगा रिसेप्शनला ठेवा आणि दिवस मोकळा वापरा. अल गुबैबाच्या बाजूने खाडी ओलांडायला अब्रा नावाच्या लाकडी होड्या आहेत. भाडं नाममात्र, सुटी नाणी जवळ ठेवा. मोठ्या जहाजावर रात्र काढून सकाळी त्या छोट्या होडीत पाण्याला हात लागेल इतक्या जवळ बसायचं, हा क्रम मुद्दाम धरा. पलीकडे उतरलं की सोन्याचा बाजार चालत जाण्याइतका जवळ.

सोन्याबद्दल जळगावकरांना मी काय सांगणार. एकच: परदेशात वर्षभर राहून येणाऱ्यांना सोनं आणायला जी जकातीची सवलत असते, ती चार-सहा दिवसांच्या पर्यटकाला नसते. आणि घरून अंगावर घालून नेलेले जड दागिने असतील तर जाताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडून त्यांची नोंद करून दाखला घ्या, नाहीतर परत येताना आपलेच दागिने आपले आहेत हे पटवत बसावं लागतं. आईने पोहेहार घरी ठेवून साधी पोत घातली होती, त्यामुळे आमचा तो वेळ वाचला.

परतीच्या गाडीत कल्याण सुटल्यावर नानांनी खिशातून हॉटेलच्या कागदाची घडी काढली. त्यावर पेन्सिलीने जहाजाचा आडवा छेद काढला होता, डेक एकाखाली एक, आणि इंजिनं जिथे असतात तिथे नऊ छोटे चौकोन. शेजारच्या बर्थवरचा चोपड्याचा एक मुलगा डोकावून बघत होता. नानांनी त्याला जवळ बोलावलं आणि मोटार कुठे बसते ते बोटाने दाखवायला सुरुवात केली.